सोलापुरी माल, स्वतःचं नाव: डोमेन निवडायचं, राखायचं आणि वापरायचं कसं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला चादर कारखानदार असो की नवी पेठेतला कापड दुकानदार, "तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?" असं विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर येतं: "ते आमचा वेबसाइटवाला बघतो." जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे हे माहीत नसलेला व्यापारी सोलापुरात सापडणार नाही. डोमेनचा उतारा मात्र फारच थोड्यांनी पाहिलेला असतो.

म्हणून आधी चार गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण त्या एकाच बिलात येतात आणि एकच वाटतात. डोमेन म्हणजे नाव. ते ज्याच्याकडे नोंदवलं जातं तो रजिस्ट्रार. वेबसाइटची पानं जिथे ठेवलेली असतात ते होस्टिंग. आणि मेलची सेवा चौथी. रजिस्ट्रार, होस्टिंग आणि मेल या तीन वेगळ्या कंपन्या असू शकतात, त्यांच्या मुदती वेगळ्या असतात. नाव कोणत्या होस्टिंगकडे जायचं आणि मेल कुठे पोचवायचे, याच्या पाट्या लावण्याची जागा म्हणजे डीएनएस. होस्टिंग बदललं, वेबसाइट नव्याने बनवली, मेलवाला बदलला, तरी नाव तेच राहतं. चारांपैकी एकच गोष्ट स्वतःच्या हातात ठेवायची म्हटलं तर ती नाव.

आणि हे नाव विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा पट्टा. नूतनीकरण चुकलं की दुसरा कुणीही ते घेऊ शकतो.

'सोलापुरी चादर' हे नाव कुणा एकाचं नाही

नाव निवडताना आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे 'सोलापुरी चादर', 'सोलापूर टॉवेल', 'शेंगा चटणी' हेच शब्द जोडून डोमेन घ्यायचं. मिळालं तर लॉटरी लागल्यासारखं वाटतं. पण सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्या भागात, त्या पद्धतीने माल करणाऱ्या सगळ्या उत्पादकांचं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुम्ही नोंदणी करू शकता, ती करावीच, पण त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही. शिवाय ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव एवढंच सांगणारा शब्द सहसा ट्रेडमार्क म्हणून नोंदला जात नाही. म्हणजे तुम्ही असं डोमेन घेतलंत आणि शेजारच्या गाळेवाल्याने त्याच्यापुढे 'बेस्ट' जोडून दुसरं घेतलं, तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. पत्ता तुमचा, हक्क कुणाचाच नाही.

असं वर्णनाचं नाव मोकळं असेल तर घ्यायला हरकत नाही, पण दुय्यम म्हणून. ते मुख्य नावाकडे वळवून ठेवा. नावात 'चादर' आहे म्हणून गूगल वर दाखवेल, ही समजूतही जुनी झाली. नुसत्या नावाच्या जोरावर वर येणाऱ्या निकृष्ट साइट मागे ढकलण्यासाठी गूगलने २०१२ सालीच बदल केला होता.

मुख्य नाव असं हवं की ते उच्चारल्यावर मालाचा प्रकार कळला नाही तरी चालेल, तुमचा माल मात्र आठवला पाहिजे. उदाहरणासाठी एक काल्पनिक नाव घेऊ: 'नवधोटा'. मागाशी नातं सांगणारं आहे, पण चादरीचं वर्णन नाही. ट्रेडमार्कसाठी असं नाव टिकतं.

स्पेलिंगचा खरा त्रास

मराठी नाव रोमन अक्षरांत टाइप करताना प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. 'नवधोटा'त व्ही की डब्ल्यू? 'नव'च्या पुढे आणखी एक ए लावायचा का? 'धो'मधला एच कुणी गाळणार का? खुद्द चादर शब्दाचंच पाहा: मानांकनातल्या इंग्रजी नावात दोन डी आहेत, साधा ग्राहक एकच टाकतो. सोलापूरच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एसनंतर एच असायचा आणि अजून काही पाट्यांवर तो आहे.

त्यात सोलापूर तीन भाषांचं गाव. पूर्वभागातला ग्राहक तेलुगू बोलणारा, घाऊक खरेदीदार विजयपूर-कलबुर्गीचा कन्नड बोलणारा. ही मंडळी रोमनमध्ये 'त' लिहिताना टी-एच वापरतात. आपण 'ज्योती' लिहिताना जिथे नुसता टी टाकतो, तिथे ते टी-एच टाकतात. नावात त असेल तर निम्मा दक्षिणेकडचा ग्राहक चुकीच्या पत्त्यावर जाईल हे धरून चाला. ळ आणि ण रोमनमध्ये एल आणि एन होऊन बसतात, त्यामुळे 'माळ' आणि 'माल' एकच दिसतात.

यावर घरच्या घरी करण्यासारखी चाचणी आहे. दहा जणांना फोन करा, त्यांतले तीन तेलुगू किंवा कन्नड बोलणारे असू द्या. नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. सात-आठ जणांनी सारखं लिहिलं तर नाव चांगलं. पाच वेगवेगळी स्पेलिंग आली तर नाव बदला. दोघा-तिघांनी सारखीच चूक केली असेल तर तेही स्पेलिंग नोंदवून मुख्य नावाकडे वळवा. चुकीची स्पेलिंग विकत घ्यायची ती एवढ्याच हिशेबाने.

नियमाप्रमाणे नावाचा एक भाग ६३ अक्षरांपर्यंत चालतो. व्यवहारात सहा ते बारा अक्षरांच्या पुढे जाऊ नका. डॅश टाळा, कारण फोनवर "मध्ये आडवी रेघ" सांगितलं की अर्धे लोक खालची रेघ टाकतात आणि ती डोमेनच्या नावात चालतच नाही. आकडाही टाळा: '७' अंकात की अक्षरात, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो.

शेवट कोणता घ्यायचा

डॉट इन आणि डॉट कॉम ही जोडी मिळत असेल तरच नाव पक्कं करा. एकच मिळत असेल आणि दुसऱ्यावर तुमच्याच धंद्यातला कुणी बसलेला असेल तर नाव सोडा. जाहिरातीचा खर्च तुम्ही कराल आणि ग्राहक त्याच्या दारात जाईल. डॉट को डॉट इन सवडीने घ्या. डॉट शॉप, डॉट स्टोअर वगैरे मागे धावू नका. पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी हजारांत बिल येतं.

डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे आणि २००५पासून ते कुणालाही सहज मिळतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४पासून आहे. 'नवधोटा डॉट भारत' असं मराठीत पाटीवर किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत छान दिसतं. पण ते मुख्य नाव करू नका. पडद्यामागे देवनागरी नावाचं एक्स-एन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांत रूपांतर होतं. काही ठिकाणी लिंक पेस्ट केल्यावर तीच अक्षरं दिसतात आणि ग्राहक घाबरतो. देवनागरी पत्त्याचा मेल अनेक फॉर्म अजून स्वीकारत नाहीत. शिवाय 'सोलापूर' आणि 'सोलापुर', दीर्घ आणि ह्रस्व, ही संगणकाला दोन वेगळी नावं आहेत.

नोंदणी: ज्या क्रमाने करावी त्या क्रमाने

आधी ट्रेडमार्कचा शोध. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट करता येतो. चादर, टॉवेल वर्ग २४मध्ये येतात. गणवेश आणि तयार कपडे २५मध्ये. चटणी, मसाले ३०मध्ये. दुकान किंवा विक्रीची सेवा ३५मध्ये. हुबेहूब शब्द शोधून थांबू नका, उच्चाराने सारखे शब्द शोधण्याचा पर्यायही चालवा. तुमच्या वर्गात सारख्या उच्चाराचं नाव आधीच नोंदलेलं असेल तर डोमेन मोकळं असूनही घेऊ नका.

शोध स्वच्छ आला की त्याच दिवशी डोमेन, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं नाव आणि यूट्यूब चॅनेल एका बैठकीत घ्या. नाव ठरवून पाहुण्यारावळ्यांत आठ दिवस चर्चा करत बसू नका.

रजिस्ट्रार निवडताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. साध्या डॉट इन किंवा डॉट कॉमला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास येणं ठीक आहे. त्यापेक्षा फार जास्त असेल तर का, ते विचारा.

आता फॉर्म भरताना. मालकाच्या रकान्यात फर्मचं नेमकं नाव, जीएसटी दाखल्यावर आहे तसं. संस्थेचा रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा राहिला तर नाव फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीचं ठरतं, आणि उद्या भावाभावांची किंवा भागीदारांची वाटणी झाली तर भांडणाचं मूळ तेच होतं. फर्मच्या नावाचं, जीएसटी क्रमांकासह बिल घ्या. इनपुट क्रेडिट मिळतंच, वर ते बिल मालकीचा पुरावा म्हणून कामाला येतं. डॉट इनसाठी रजिस्ट्रार ओळखपत्राची केवायसी मागतात. ती वेबसाइटवाल्याची नव्हे, तुमची द्या.

खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. हे बारीक वाटतं, पण सगळ्यात महागात पडतं ते हेच. मुदत संपली की डोमेन बंद, डोमेन बंद की त्यावरचा मेल बंद, मग नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक बंद पडलेल्या पेटीत जाते. फर्मसाठी वेगळा जीमेल करा, दोन टप्प्यांची खात्री सुरू करा, राखीव कोड कागदावर छापून दुकानाच्या तिजोरीत ठेवा. फोन नंबर नोकराचा नको.

नोंदणीनंतर ईमेल खरा आहे का ते तपासणारी लिंक येते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. नवी वेबसाइट पंधरवड्यात अचानक बंद पडली तर पहिलं कारण हेच तपासा.

मुदत: कुठे चुकते

'ऑटो रिन्यू' चालू केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर होणाऱ्या वसुलीला ग्राहकाची नोंदवलेली परवानगी लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे अनेकदा ती नसते आणि पैसे कापलेच जात नाहीत. कार्ड बदललं तरी तेच. म्हणून पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि पुढची तारीख चोपडीत लिहा, मोबाइलवर नको.

डॉट कॉमची मुदत संपल्यावर काय होतं ते टप्प्याटप्प्याने असं. रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांत सूचना द्यायच्या असतात. त्यानंतर ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची मुभा मिळू शकते, पण ती देणं रजिस्ट्रारच्या मर्जीवर आहे आणि या काळात काही जण नाव लिलावात काढतात. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात नेहमीच्या कितीतरी पट दंड. शेवटी पाच दिवस काहीच करता येत नाही आणि नाव बाजारात मोकळं होतं. जुन्या, चांगल्या नावांवर तेव्हा संगणक टपून असतात. एका सेकंदात नाव जातं.

गणवेशवाल्यांना आणखी एक सूचना. तुमचा हंगाम एप्रिल ते जून. मुदत जर मे महिन्यात संपत असेल तर ऐन घाईत मेल बंद पडेल. दिवाळीनंतरच्या निवांत काळात आगाऊ नूतनीकरण करा. लवकर भरल्याने दिवस वाया जात नाहीत, मूळ तारखेच्या पुढे वर्ष जोडलं जातं.

नाव वेबसाइटवाल्याकडे असेल तर

आधी नोंद बघा. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोध पानावर डोमेन टाकलं की रजिस्ट्रार कोण, नोंदणी कधीची, मुदत कधी ते दिसतं. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. मग वेबसाइटवाल्याला सरळ लेखी विचारा: मालकाच्या रकान्यात काय आहे, त्याचा फोटो पाठवा.

तो समजूतदार असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडा आणि त्याला नाव तुमच्या खात्यात सरकवायला सांगा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर नाव परस्पर हलू नये म्हणून खात्यात लावलेलं कुलूप त्याने काढायचं, तुम्हाला हस्तांतराचा कोड द्यायचा, तुम्ही तो नव्या ठिकाणी टाकायचा. डॉट कॉमला पाचेक दिवस लागतात आणि मुदत एक वर्षाने वाढते. नाव नुकतंच नोंदवलेलं किंवा हलवलेलं असेल तर ६० दिवस थांबावं लागतं. काही रजिस्ट्रार मालकाचं नाव बदलल्यावरही ६० दिवसांचं कुलूप लावतात, म्हणून आधी नाव बदलायचं की आधी हलवायचं ते विचारूनच सुरुवात करा. आणि हलवण्याआधी डीएनएसमधल्या सगळ्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. नाव हललं पण मेलची नोंद राहून गेली, असं सर्रास होतं, आणि मेल येत नाहीत हे चार दिवसांनी कळतं.

तो अडवून बसला तर रागाच्या भरात त्याचं बिल थांबवू नका. नूतनीकरण त्याच्या हातात आहे. आधी बाकी चुकती करा, पावती घ्या, मग मागणी करा. नवं काम देताना करारात एक ओळ घाला: डोमेन फर्मच्या नावावर, फर्मच्या खात्यात राहील, कंत्राटदाराला फक्त डीएनएस बदलण्यापुरता प्रवेश मिळेल. बहुतेक रजिस्ट्रार असा मर्यादित प्रवेश देण्याची सोय ठेवतात. पासवर्ड देण्याची गरजच पडत नाही.

नावाची राखण: मेलपासून सुरुवात करा

ब्रँडची चोरी म्हटलं की लोकांना नकली वेबसाइट आठवते. घाऊक धंद्यात खरं नुकसान मेलमधून होतं. बाहेरगावच्या किंवा परदेशातल्या खरेदीदाराला तुमच्यासारख्याच पत्त्यावरून मेल जातो: "आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या खात्यात भरा." पत्त्यात फक्त एम-च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी असतात, किंवा छोट्या एल-च्या जागी एक आकडा. छोट्या पडद्यावर फरक दिसत नाही. कधी तर पत्ता हुबेहूब तुमचाच असतो, कारण मेलमध्ये 'कडून' या रकान्यात कुणीही काहीही लिहू शकतो.

हुबेहूब पत्त्याची नक्कल अडवायला डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगतो की या नावावरून मेल पाठवायची परवानगी कोणत्या सेवांना आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर न दिसणारी सही करतो. डीमार्क सांगतो की या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. २०२४पासून जीमेलही या गोष्टींबाबत कडक झालं आहे, त्यामुळे नोंदी नसतील तर तुमचे खरे मेलसुद्धा स्पॅममध्ये पडतात.

चुका ठरलेल्या आहेत. एसपीएफची नोंद एकच असावी लागते. मेलवाल्याने एक आणि बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने दुसरी टाकली की दोन्ही निकामी. एकाच नोंदीत दोघांना घ्या. ती नोंद तपासताना डीएनएसमध्ये कराव्या लागणाऱ्या विचारणा दहाच्या वर गेल्या तरी ती मोडते. डीमार्क एकदम 'नाकारा'वर ठेवू नका. आधी दोन-तीन आठवडे 'फक्त कळवा' ठेवा, अहवालात तुमची कोणती खरी सेवा नापास होतेय ते बघा, ती दुरुस्त करा, मग 'बाजूला टाका', आणि शेवटी 'नाकारा'. घाई केली तर तुमचीच कोटेशनं गायब होतील.

जी नावं नुसती राखून ठेवली आहेत, ज्यांवरून मेल जात नाही, त्यांच्यावर पहिल्या दिवशीच 'इथून कुणालाही परवानगी नाही' असा एसपीएफ आणि 'नाकारा' असा डीमार्क टाका. घेऊन मोकळी सोडलेली नावं चोरालाच सोयीची.

बँकांना तर नावाचा शेवटच वेगळा दिला गेला. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, आणि त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. शेवट पाहून खरी बँक ओळखता यावी एवढाच हेतू. तुमच्या खरेदीदारालाही असंच एक ओळीत सांगा आणि ती ओळ प्रत्येक बिलावर छापा: "आमचे मेल याच पत्त्यावरून येतात, खातं बदलल्याचं फोनवर खात्री केल्याशिवाय मानू नका." पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या पुढच्या खात्यांत फिरते.

कुणी नाव बळकावलं तर

डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात स्पष्ट केलं. त्याआधी १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतंजुळतं, फक्त एका स्वराचा फरक असलेलं नाव वापरायला मनाई केली होती. एका अक्षराचा फरक म्हणजे पळवाट नव्हे.

पण न्यायालयात जायची गरज दर वेळी नसते. डॉट इनसाठी निक्सीची स्वतःची तंटा निवारण पद्धत आहे, आयएनडीआरपी. डॉट कॉमसारख्यांसाठी १९९९पासून यूडीआरपी आहे. दोन्हींत साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या चिन्हाशी फसवं साम्य असलेलं आहे, समोरच्याचा त्यावर खरा हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. हेतूच्या बाबतीत फरक महत्त्वाचा आहे. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाले हे लागतं, आयएनडीआरपीत दोहोंपैकी एक पुरतं. यूडीआरपीचा अर्ज जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, केला तर एका पंचासाठी, पाच नावांपर्यंत, १,५०० डॉलर शुल्क आहे, वकील वेगळा. निकालात नाव मिळतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई मिळत नाही, तिच्यासाठी न्यायालयच.

हे सगळं नोंदवलेल्या ट्रेडमार्कवर सोपं जातं. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणी आधी करून घ्या म्हणजे निम्म्यात काम होईल. नोंदणी १० वर्षांची. अर्ज केल्यावर टीएम लावा. गोलातला आर मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच, त्याआधी लावणं बेकायदेशीर आहे.

नकली साइट दिसली की आधी तिच्याशी भांडू नका, पुरावा गोळा करा. पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे पडद्याचे फोटो, डोमेनची नोंद, शक्य असेल तर एक चाचणी ऑर्डर आणि पैसे कोणत्या खात्यात गेले ते. मग रजिस्ट्रार आणि होस्टिंग, दोघांच्याही तक्रार पत्त्यावर ट्रेडमार्क प्रमाणपत्रासह लिहा. उघड फसवणूक असेल तर साइट यातच बंद होऊ शकते. नाव परत विकत घ्यायचं ठरवलंत तर पहिला आकडा तुम्ही सांगू नका. मात्र त्याने लिहून मागितलेली भरमसाठ किंमत जपून ठेवा, वाईट हेतूचा तो चांगला पुरावा ठरतो.

कुठे जिंकणार नाही तेही माहीत असू द्या. समोरच्याचं आडनाव तेच असेल, तो तुमच्या आधीपासून प्रामाणिकपणे धंदा करत असेल, किंवा नाव वर्णनाचं असेल, तर पैसे घालवू नका.

आणि "चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाची डोमेन घेऊ पाहतेय, आज उत्तर दिलं नाही तर आम्ही त्यांना देऊन टाकू" असा मेल आला तर तो पुसून टाका. कंपनी नसते. तुम्ही घाबरून दहा निरुपयोगी नावं घ्यावीत एवढाच तो धंदा.

नाव बाजारात वापरताना

डोमेन घेऊन ठेवलं आणि व्हिजिटिंग कार्डावर मेल मात्र जीमेलचा, हे चित्र बदला. खरेदी, हिशेब, विक्री असे तीन पत्ते पुरेत. माणसाच्या नावाने पत्ते दिले की माणूस गेल्यावर ग्राहकही त्याच्याबरोबर जातो.

बाकीची सगळी नावं मुख्य नावाकडे वळवताना ३०१, म्हणजे कायमचं वळण लावा, ३०२, म्हणजे तात्पुरतं, नको. नुसतं वळण लावून भागत नाही, त्या प्रत्येक नावाला सुरक्षेचं प्रमाणपत्रही लागतं, नाहीतर ग्राहकाला लाल इशारा दिसतो आणि तो परत फिरतो. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र चालतं, पण ते थोड्या दिवसांचं असतं. आपोआप नवं होतंय ना, ते महिन्याला एकदा उघडून बघा.

चादरीच्या टॅगवर क्यूआर छापताना तो फुकट किंवा मासिक वर्गणीच्या क्यूआर सेवेचा घेऊ नका. वर्गणी थांबली की गोदामातला सगळा छापलेला माल मुका होतो. क्यूआर स्वतःच्या डोमेनवरच्या छोट्या पत्त्याचा करा, 'नवधोटा डॉट इन, तिरपी रेघ, क' असा, आणि तो पुढे कुठे न्यायचा ते साइटवर ठरवा. पत्ता जितका छोटा तितके क्यूआरचे ठिपके मोठे आणि खरखरीत कागदावरही तो वाचला जातो. टॅगवर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. भिंतीवरच्या फलकासाठी जितक्या अंतरावरून फोन धरला जाईल त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. जॅकार्डवर क्यूआर विणण्याचा मोह टाळा, धुतल्यावर कापड आटतं आणि चौकोन वाकडे होतात. काठात नाव विणा, क्यूआर कागदावर ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरसाठीही तेच. टॅगवर नंबर न छापता स्वतःच्या डोमेनवरची लिंक छापा आणि ती व्हॉट्सअ‍ॅपकडे वळवा. नंबर बदलला तर वळण बदलायचं, टॅग नाही.

गड्ड्याच्या यात्रेतला स्टॉल, आषाढीला पंढरपुरातली विक्री, शाळेच्या गणवेशाची घाऊक यादी, प्रत्येकाला मुख्य डोमेनवरच, तिरप्या रेघेपुढे, वेगळी शेपटी द्या. कुठून किती लोक आले ते त्यावरून मोजता येतं. सणासाठी नवं डोमेन घेऊ नका. यात्रा उठली की ते विसरलं जातं, वर्षाने सुटतं, आणि छापलेल्या पिशव्या मात्र दहा वर्षं घराघरांत वापरात असतात. त्या पत्त्यावर मग जुगाराची साइट उघडलेली सापडते.

याच कारणाने, एखादा ब्रँड बंद केला, फर्मचं नाव बदललं, तरी जुनं डोमेन लगेच सोडू नका. बँक, जीएसटी, कुरियर, ऑनलाइन बाजारपेठा यांची खाती त्या नावावरच्या मेलला बांधलेली असतात. नवा मालक त्याच पत्त्याची पेटी उघडून पासवर्ड बदलायची लिंक मागवू शकतो. सगळी खाती एकेक करून नव्या पत्त्यावर न्या, आणि शेवटचं खातं हलवल्यानंतरही निदान पाच वर्षं त्या नावाचं भाडं भरत राहा.